शून्य किलोचं भरीत

नाही नाही, मशीनला नावं ठेवू नका! मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं, आणि तुम्हाला सांगतो, सगळी बोंब तिथेच आहे... आता आमचा बुद्धभूषण. जळगावात वेबसाइट बनवून देतो, पोरगा हुशार, फक्त खोड एकच, जे दिसेल त्यावर विचारणार, ‘पण का? हे कळायला नको?’ लहानपणी यापायीच घरातला मिक्सर उघडून बसला, आईने पाठीत धपाटा घातला, तर रडता रडता विचारतो कसा, ‘पाठीतच का?’

याची आत्या लिलाबाई, भुसावळ रस्त्याला तिचं भरीत सेंटर. थंडी पडली की रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नाही! कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात... असो, मला भूक लागेल. तर फोन इतके यायचे की बाईच्या एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात मोबाइल. भूषण म्हणाला, “आत्या, फोन बंद कर. वेबसाइट करून देतो, लोक घरूनच ऑर्डर टाकतील.”

“आनि चुकनं तर? मना सीझनना पहिला रविवार शे रे भाऊ!”

“चुकणारच नाही. राखण बसवतो ना!”

आता वेबसाइटला कसली राखण? तर म्हणे ऑटोमॅटिक तपासणी! कोडमधलं एक अक्षर जरी हलवलं, की मशीन उठणार, सगळं वाचणार, खोटीखोटी गिऱ्हाइकं उभी करून ऑर्डरी टाकून बघणार, आणि पास झालं तरच तो बदल वेबसाइटवर चढणार. हिरवी टिक म्हणजे चल, लाल फुली म्हणजे थांब. वर या दीडशहाण्याने नियम घातला, की लाल असेल तर कुणालाच सूट नाही, खुद्द त्यालासुद्धा! म्हटलं, अरे, स्वतःच्या घराला बाहेरून कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकतोस होय?

पहिल्याच झटक्याला लाल! काय, तर ओळीच्या शेवटी मोकळी जागा सुटलीय. सुटली असेल! तुझ्या बापाची जागा आहे का? पुढे काय, तर ‘जादा मिरची’ नावाचं काहीतरी बनवून ठेवलंय आणि कुठेच वापरलं नाही. लिलाबाई पदराला हात पुसत मागे उभी.

“हाऊ कोन शे? तुन्या चुका काढस तो?”

“मशीन आहे, आत्या.”

“मंग मिरचीनं तेले कसं समजनं?”

“सगळं वाचतं ते.” आणि हा पठ्ठ्या खुशीत! प्रत्येक फुलीपुढे मांडी घालून बसायचा... पण का? हे कळायला नको? मग त्याने मशीनला आणखी शिकवलं. नाव नसेल तर ऑर्डर नको, फोन नंबर अर्धवट असेल तर नको, आणि वांगी शून्य किलो, तर मुळीच नको. बरोबरच आहे की! शून्य किलोचं भरीत खातो कोण? सगळं हिरवंगार झालं.

उजाडला रविवार. थंडी अशी की दात वाजतायत, आत्याने पहाटेच काड्या पेटवलेल्या, फोन बंद... आणि ऑर्डरी? जळगावातल्या कॉलन्यांमधून चार-दोन. यावलकडून नाही, जामनेरकडून नाही, पारोळ्याकडून नाही! दरसालची माणसं गेली कुठे? बाई विस्तवाकडे बघत बसली. “गिराईक तुटनं रे भूषण. फोन बंद करानं तूच सांगं व्हतं.”

भूषण पुन्हा पुन्हा स्क्रीन बघतो, तर सगळं हिरवं! एक फुली नाही! हिरवं आहे आणि गिऱ्हाईक नाही... पण का? हे कळायला नको?

तेवढ्यात समोर पिकअप थांबली. पारोळ्याचे झिपरूनाना उतरले, मागे वांग्यांची पोती, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

“ये रे शाना! तुनी वेबसाइटनी माले हाकली दिधं! मी शून्य टाकं, ते ती म्हने प्रमाण चुकीचं शे!”

आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडे शेतकरी माणूस वांगी घरची घेऊन येतो. लिलाबाईने फक्त भाजून ठेचून द्यायचं. म्हणजे सेंटरची वांगी किती? शून्य! तिची अर्धी पंगत शून्य किलोवाल्यांची! आणि हे भूषणला माहीत नव्हतं? अहो, याच नानांच्या पोत्यावर बसून त्याने लहानपणापासून भरीत ओरपलंय!

लॅपटॉप टेकवला पोत्यावर, शून्य चालेल असं केलं, बटण दाबलं. लाल फुली! ‘शून्य किलोची ऑर्डर नाकारायला हवी होती.’

“काय म्हनस तो?” नाना वाकून बघतायत.

“नको म्हणतोय.”

“कोनी शिकाडं तेले?”

भूषण मान खाली घालून म्हणाला, “मीच.” अख्खं सेंटर हसलं हो! आत्या तेवढी हसली नाही, ती त्याच्या बोटांकडे बघत होती. आधी त्याने मशीनला शिकवलेलं पुसलं, शून्य चालतं म्हणून नव्याने शिकवलं, घाईघाईत ‘शून्याहून जास्तच हवं’ ही अटच उडवली, आणि झालं, हिरवी टिक! गावागावात निरोप गेले, ऑर्डरी धडाधड आल्या, शून्य, शून्य, शून्य! आत्याने डोळे पुसले, म्हणते धूर गेला. वारा तर उलट्या दिशेला होता.

मग ती स्क्रीनवर बोट ठेवून थांबली. “भूषण, हाई आडवी काडी कसानी शे?”

झिपरूनानांची ऑर्डर. उणे पाच किलो!

“नाना, हे काय?”

“आरे, पाच किलो वांगा जास्ती लई उनू, लिलाबाईले ठेई जास. मंग ते वजाच व्हयनं ना!”

भूषणने मशीनकडे पाहिलं. टिक हिरवी; अटच उडवलेली, आता उण्याला अडवणार कोण! त्याने गपचूप लॅपटॉप मिटला, नानांची जादा वांगी उतरवून घेतली, आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा त्याने ‘पण का?’ विचारलं नाही.