झुडूप ओळखलं

बोदलकसा धरणाच्या सहलीतून लेकाला घेऊन चंचल थेट दवाखान्याच्या रांगेत आली होती. त्यानं धरणाकाठच्या ठेंगण्या झुडपाची लाल फुलं चोखली होती, आणि तिच्या हातातल्या फांदीचा फोटो पाहून मोबाइल तिला ते बर्फाळ डोंगरावरचं हेदर नावाचं झुडूप असल्याचं सांगत होता.

“बोदलकशाले बरफ कवा पडला वं?” मागच्या म्हातारीनं विचारलं. “दाखव ती हातातली डांग.”

“आजी, विषारी असलं तर?”

“पान उलटं कर. काय दिसते?”

“काळे ठिपके.”

“मंग धायटीच हाय. आमचं लहानपण हे फुलं चोखण्यातच गेलं.” म्हातारीनं एक फूल तोंडात धरलं. “घे, तू बी चोख.”

“अगं बाई, मधच की!”

“आता हास, अन् रांग सोड. माह्या गुडघ्याचा नंबर लवकर लागन.”