डाव्या फेंडरवरची न घासलेली पट्टी

नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे ते बरोबर. वय सत्तावीस वर्षे. शिक्षण रंगतंत्राची पदविका. धंदा नोकरी, गाड्यांच्या रंगाची तपासणी व पॉलिश. राहणार बाजारामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरची खोली.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात आले असून, समक्ष विचारल्यावरून सांगते की, गाड्यांना पॉलिश करण्याच्या एका दुकानात मी कामाला आहे. दुकान ज्यांचे आहे त्यांना गिऱ्हाइके, शेजारी आणि मी, सगळेच ताई म्हणतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. दुकानात आम्ही दोघीच काम करतो. आज सकाळी पोलीस दुकानी आले व ताईंना ठाण्यावर घेऊन गेले. एका गाडीवरची अपघाताची खूण त्यांनी घासून नाहीशी केली, असा त्यांच्यावर संशय असल्याचे मला सांगण्यात आले. त्याबाबत मला जेवढे माहीत आहे तेवढेच सांगते.

गाडी गडद निळी, जुनी असून दातांच्या एका डॉक्टरांची आहे. त्यांनी ती काल सकाळी स्वतः आणून दिली. परवा संध्याकाळी पुलाच्या रस्त्यावर एका गडद गाडीने दूधवाल्याच्या सायकलला घासले, तो पडला आणि त्याचा पाय मोडला, हे मला आज ठाण्यातल्या साहेबांकडून समजले. सायकलचे हँडल गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला खरडत गेले, असे दूधवाल्याने सांगितले आहे. या पत्र्याला आम्ही फेंडर म्हणतो. हँडलच्या टोकाला गडद रंग लागलेला आहे, असेही साहेबांनी सांगितले. तो रंग या गाडीचा आहे की नाही हे प्रयोगशाळेत कळेल. मी नुसत्या डोळ्यांनी सांगणार नाही.

गाडी देताना डॉक्टर ताईंना म्हणाले, "उद्यापर्यंत झालीच पाहिजे, काहीही करा." ताई म्हणाल्या, "वा! एका दाढेसाठी तुम्ही मला चार खेपा घालायला लावता, आणि अख्खी गाडी एका दिवसात?" हे बोलणे मी स्वतः ऐकले. डॉक्टरांना घाई कशाची होती ते मला माहीत नाही.

हे मी सांगत असताना समोरच्या बाकावर बसलेल्या ताई म्हणाल्या, "अगं मोजपट्टे, तू माझ्या बाजूची आहेस की त्यांच्या?" ताई मला याच नावाने हाक मारतात. हवालदारांनी त्यांना गप्प बसण्यास सांगितले. डॉक्टरांचे वाक्य मी मागे घेतलेले नाही.

गाडी आल्यावर ताईंनी ती धुतली. नंतर मी बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पत्रा पाहिला व रंगाची जाडी यंत्राने मोजली. संपूर्ण गाडीवर जाळी होती. जाळी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे बारीक गोल ओरखडे. डॉक्टर रोज सकाळी कोरड्या फडक्याने गोल गोल हात फिरवून गाडी पुसतात. गाडीवर जीव असणारी माणसेच हे करतात आणि त्यानेच जाळी पडते. डाव्या फेंडरवर जाळीखेरीज काही नव्हते. रंगाची जाडी सगळीकडे सारखी, कारखान्यातून आली तशीच होती. तेथे नंतर रंग मारलेला नव्हता.

रंग जुना व पातळ असल्याने मशीन लावू नये, हाताने करावे, असे मी सांगितले. ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खांद्याची वाट." पण त्यांनी हातानेच केले. फोमच्या तुकड्यावर थेंबभर पॉलिश घेऊन तळहाताएवढ्या जागेत आधी उभे आणि मग आडवे हात चालवतात. गोल फिरवत नाहीत. खिडकी डाव्या बाजूला असल्याने आमच्याकडे प्रत्येक गाडी डाव्या फेंडरपासूनच सुरू होते. काल दिवसभरात तेवढाच झाला. आज पोलीस आले तेव्हा तेवढाच पत्रा चकाकत होता व बाकी गाडी निस्तेज दिसत होती. यावरून संशय का आला ते मी समजू शकते.

हाताने घासून निघतो तो वरच्या पारदर्शक थराचा पापुद्रा. आमचा नियम असा आहे की, नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही, त्याला पुन्हा रंगच मारावा लागतो. हँडलला रंग लागण्याइतके खरडले असेल, तर तो ओरखडा नखाला अडकणारा असणार.

आमच्या दुकानात आणखी एक पद्धत आहे. पॉलिश सुरू करण्यापूर्वी ताई पत्र्यावर वरपासून खालपर्यंत कागदी टेपची एक उभी पट्टी चिकटवतात. तिच्याखालचा भाग घासत नाहीत. गिऱ्हाईक आल्यावर त्याच्यासमोर टेप काढतात, म्हणजे आधी काय होते व आता काय आहे ते शेजारी शेजारी दिसते. मग ती पट्टीही घासून पुरी करतात. ताईंच्या शब्दांत, "माणूस आपला जुना चेहरा फार लवकर विसरतो." डॉक्टर अजून आलेले नसल्याने डाव्या फेंडरवरची टेप तशीच होती. सकाळी पोलिसांनी ताईंना नेले तेव्हा त्या घाबरलेल्या होत्या आणि हे सांगायचे त्यांना सुचले नाही. मी त्या वेळी पलीकडे पाणी आणायला गेले होते. परत आल्यावर शेजाऱ्यांकडून कळले, म्हणून मी ठाण्यात आले.

त्यानंतर साहेब माझ्यासोबत दुकानी आले. दोन पंचांसमोर मी टेप काढली. साहेबांनी स्वतः बॅटरी धरली. टेपखाली जुनी जाळी वरपासून खालपर्यंत अखंड होती. सायकल शेजारून खरडत गेली असती तर ओरखडा आडवा आला असता, आणि आडवा ओरखडा या पट्टीला ओलांडल्याशिवाय फेंडरवरून जाऊ शकत नाही. पट्टीत एकही आडवी रेघ नव्हती. साहेबांनी नख फिरवून पाहिले. ते कोठेही अडकले नाही.

टेप आज सकाळी घाईघाईने लावली नसेल कशावरून, असे साहेबांनी विचारले. टेपच्या दोन्ही कडांना वाळलेले पॉलिश चिकटलेले होते, ते मी दाखवले. टेप नंतर लावली असती तर तिच्याखालचा पत्राही चकाकलेला निघाला असता. काढलेली जाळी परत बसवता येत नाही.

"म्हणजे अपघात या गाडीने केलाच नाही, असे तुमचे म्हणणे?" या प्रश्नावर मी सांगते की, मी तसे म्हटलेले नाही. परवा संध्याकाळी गाडी कोठे होती ते मला माहीत नाही. डाव्या फेंडरवर खरडल्याची खूण नव्हती, म्हणून ताईंनी ती काढलेली नाही, एवढेच माझे म्हणणे. दरवाजे व बंपर यांना अजून हात लावलेला नाही. ते कोणीही तपासावेत.

ताईंशी माझा संबंध काय, असे विचारण्यात आले. पगारी नोकर, असे मी उत्तर दिले. एवढाच का, असे साहेबांनी पुन्हा विचारल्यावरून पुढील मजकूर सांगते.

पदविका घेतल्यावर मला कोठेही काम मिळत नव्हते. मुलगी रंगाचे डबे उचलणार का, असे सगळे विचारत. ताईंनी मला एका बॉनेटसमोर उभे केले, हातात बॅटरी दिली आणि म्हणाल्या, "डबे उचलायला मी आहे. तुला काय दिसतंय ते सांग." मला दिसले ते मी सांगितले. मी बराच वेळ बोलत होते व त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. असे त्यांच्याकडून त्यानंतर झालेले नाही. पॉलिश शिकवताना त्यांनी कित्येक आठवडे आपला हात माझ्या मनगटाखाली ठेवला, म्हणजे माझा भार पत्र्यावर पडू नये. तो हात त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळले नाही.

गेल्या वर्षी माझी आई रुग्णालयात होती. ताई रोज दुकान बंद करून तेथे येत. येऊ नका, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी कोण येतंय? मी तुझ्या आईशी गप्पा मारायला येते. तू काय, विचारलं तर बोलणार!" मी जिन्यात उभी राहत असे. आतून आईच्या हसण्याचा आवाज येई. आई आता हयात नाही. ताईंचे मी आभार मानायचे राहिले होते. ते मी मानते. हे नोंदवून घ्यावे.

जबाब लिहून झाल्यावर, शेवटच्या दोन परिच्छेदांचा गुन्ह्याशी संबंध नाही, ते वगळू का, असे साहेबांनी विचारले. वगळू नयेत, असे मी सांगितले. नियमाप्रमाणे हवालदारांनी संपूर्ण जबाब मोठ्याने वाचून दाखवला. ताईंना घरी जाण्यास सांगितलेले होते, परंतु त्या बाकावरून उठल्या नव्हत्या. वाचन संपल्यावर त्या हवालदारांना म्हणाल्या, "ते रुग्णालयाचं तेवढं परत वाचा हो." हवालदारांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी हरकत घेतली नाही.

याप्रमाणे सर्व जबाब एकदा व रुग्णालयाचा मजकूर दोनदा मला ऐकवण्यात आला. दोन्ही वेळा तो मी सांगितला तसाच होता व खरा आहे, म्हणून खाली सही करते.