अर्ध्या गोळ्या

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या गरोदर बाईच्या डबीत सहा गोळ्या होत्या आणि सहाही मधोमध कापलेल्या होत्या. तिच्या थोरल्या बहिणीलाही त्या आत्ताच दिसल्या.

“धाकटे, या आकडीच्या गोळ्या कापल्यास कशाला?”

“अर्धी मला पुरते, ताई. बाळाला कशाला जास्त?”

“अगं, ही दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी. कापली की सगळं औषध एकदम सुटतं आणि दुपारीच संपतं. दहा वर्षं औषधं विकतेय मी, आणि घरातच हे उद्योग!”

“तरीच सकाळी पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं. छान असतं गं. बाळ आणि मी, दोघंच तरंगत असतो.”

“आणि संध्याकाळी?”

“काल हातातला कप कधी पडला, कळलंच नाही.”

“पोटुशीचं शरीर औषध भराभर बाहेर टाकतं. डॉक्टर दोन महिन्यांपासून गोळी वाढवू म्हणतायत, ते काय हौस म्हणून? आकडी येऊन जिन्यावर पडलीस तर बाळाचं काय?”

धाकटीनं डबीचं झाकण लावलं.

“ताई, आत गेल्यावर तू गप्प बस. कापत होते, हे मीच सांगते. आणि ते वाढवतील तेवढी घेते. अख्खी.”