चालू लाइनवरची झडप

"हृदय म्हणजे नुसता पंप! आणि पंपाबद्दल मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय."

"मग गच्चीवरचा आपला पंप महिनाभर का कण्हतोय?"

दवाखान्यात या नवरा-बायकोच्या समोरच्या बाकावर बसलेल्या शिक्षिकाबाईंनी मासिकाचं पान उलटायचं सोडलं. निवृत्त प्लंबरच्या हृदयाची झडप बदलायची की नाही, हे आजच्या तपासणीत ठरणार होतं, एवढं त्यांना आतापर्यंत कळलं होतं.

"ऐक. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तिथून ते ताजं होऊन डावीकडे येतं, आणि डावी बाजू ते अंगभर पाठवते. झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. माझी एक गळतेय, इतकंच."

"आणि बदलावी लागली तर?"

"बदलतील! मी हजारभर बदलल्यात."

"तुम्ही आधी मेन कॉक बंद करायचात ना?"

"अर्थात. चालू लाइनवर कोण हात घालतं?"

"म्हणजे तुमचाही पंप...?"

त्यांनी रिपोर्टची फाईल उघडून परत मिटली.

"अहो, बोला की!"

"थांबवतात म्हणे थोडा वेळ. तोवर बाहेरचं यंत्र रक्त फिरवतं."

"काका, चला आत. शर्ट काढून आडवे व्हा," नर्सनं हाक मारली.

"अगं, एवढी बटणं सोडून दे," ते बायकोकडे वळून म्हणाले. " माझी बोटं ऐकेनात."