मार्गारेटबाईंचं वावर

दुष्काळाच्या त्या वर्षी आपल्याकडं आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नव्हतं, म्हणून पोरगा मला अमेरिकेला घेऊन गेला, ते तर तुम्हाला माहीतच आहे. एका रविवारी तिथल्या वाचनालयानं गावाचा इतिहास दाखवायला फेरी काढली. आम्ही दहा-बारा जण, अन् पुढं माहिती सांगायला सत्तरीच्या मार्गारेटबाई. एका मोठ्या दुकानासमोर थांबून त्या म्हणाल्या, "इथं सगळी बटाट्याची शेती होती. मग मोठा रस्ता आला, प्लॉट पडले, देशोदेशीची माणसं राहायला आली."

मी पोराला म्हणालो, "विचार बरं, हे वावर कुणाचं होतं?"

बाई म्हणाल्या, "आमचंच."

मग मीही सांगितलं, की वाळूजकडं आमचंही वावर होतं, आता तिथं चार मजली अपार्टमेंट उभं आहे.

"तिकडून जाता का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाय. लांब पडलं तरी दुसरा रस्ता धरतो."

बाई एवढ्या हसल्या, की त्यांना डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, "मी या दुकानात अजून पाऊल टाकलेलं नाही. दूध आणायला पुढच्या गावाला जाते."

दुसऱ्या दिवशी सून मला म्हणाली, "बाबा, त्या मोठ्या दुकानातून दूध आणता का?"

"तिथलं नको."

"का हो, खराब असतं का?"

"दूध लई चांगलं असंल, पण बाईंनी अजून वावरावरचा हक्क सोडला नाय."