मिलिंद पुण्याला गेलाय

मी मूळची चिंचवडची, लग्न करून सिडनीला आले, क्वेकर्स हिलला आता चौदा वर्षं झाली, एज्ड केअरमध्ये काम करते, म्हाताऱ्या माणसांची आंघोळ, गोळ्या, जेवण, सगळं मला जमतं, आणि घरातलं आजारपण तेवढं मी झाकून ठेवलं, काय सांगू तुम्हाला.

खरं सांगते, मी अर्चनाच्या नवऱ्याच्या बायपासवर जळत होते. हसू नका. अर्चना माझी इथली पहिली मैत्रीण, दोन रस्ते सोडून राहते. सचिनचं ऑपरेशन झालं तसं आमच्या इथल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डब्यांचं रोस्टर लागलं, सोमवार हिचा, मंगळवार माझा, कमी तेलाचं, पथ्याचं, भेटायला येणारे काय, मुलीला शाळेतून आणायला तीन-तीन गाड्या तयार. आणि त्याच आठवड्यात माझा मिलिंद, आयटीतला, कधी आवाज न चढवणारा माणूस, गराजमध्ये गाडीत बसून राहिला, उतरेचना, म्हणाला मला जगायचं नाहीये. अँब्युलन्स बोलावली. पाच आठवडे मानसिक वॉर्डात होता.

आणि मी ग्रुपवर काय टाकलं, तर सासूबाई पडल्या, मिलिंद पुण्याला गेलाय. वेड्याची बायको म्हणतील, आमच्या मुलाला कुणी घरी बोलावणार नाही, हेच डोक्यात. झालं, लगेच अर्चनाचा मेसेज, अगं येताना गोडा मसाला आणायला सांग, दुसरीला थालिपिठाची भाजणी हवी. मग काय करते, इथल्याच गिरावीन भागातल्या भारतीय दुकानातून आणलं, पाकिटं फोडली, साध्या पिशव्यांत भरून गाठी मारल्या, आणि दिलं, पुण्याहून आलंय म्हणून. अर्चना वास घेऊन म्हणते, इथल्या मसाल्याला हा वासच नाही गं. मी म्हटलं हो ना.

मंगळवारी शिफ्ट संपली की सचिनचा डबा पोचवायचा नि तिथून मिलिंदकडे, तो ट्रेमधलं गार सँडविच चिवडत बसलेला. त्याच्याकडे कुणी आलं नाही. येणार कसं, मीच कुणाला कळू दिलं नव्हतं, पण राग यायचा अर्चनाचा. तिच्या घरचं दुखणं चारचौघांत सांगता येत होतं ना.

तो घरी आल्यावर बजावलं, कुणी विचारलं तर आईकडे होतो म्हण. मग अर्चनाकडे सत्यनारायण होता, सचिन बरा झाला म्हणून घातलेला. सचिनने विचारलं, काय रे, आईचा पाय कसा आहे. मिलिंदने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, आई ठणठणीत आहे, मी पुण्याला गेलोच नव्हतो, इथेच हॉस्पिटलमध्ये होतो, डिप्रेशन आहे मला. एकजण तर पोराला घेऊन उठलीच. अर्चना माझ्याकडे बघेना. मला वाटलं, संपलं आता.

सचिन मात्र त्याला बॅकयार्डात घेऊन गेला. तासभर बोलत होते दोघं. काय बोललात विचारलं तर मिलिंद म्हणतो, असंच.

आता रोज सकाळी दोघं चालायला जातात. आम्हाला बोलावणी कमी येतात, अर्चना बोलते पण तोलूनमापून. आणि मी खिडकीतून बघते, मिलिंद हातवारे करून सचिनला काहीतरी सांगत असतो, हसतोसुद्धा. पाच आठवडे उशाशी मी बसले, मला एवढं कधी सांगितलं नाही. जळते हो मी, अजून जळते. पण मला कसा सांगेल तो, मी तर त्याला गप्प राहा म्हणणारी. सचिनला उदंड आयुष्य मिळो, एवढंच देवाजवळ मागते.