बेसबॉलचा खरा जन्मदिवस

आमच्या दुबईच्या पेपरात ‘इतिहासात आज’ हे सदर देशपांडे लिहायचा, आणि माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. एकदा त्याने छापलं, बेसबॉलचा जन्म आजचा.

मी भडकलो. “अरे, गेल्या महिन्यातही जन्मला होता ना? पुरावा दाखव!”

“पुरावा कोण मागतो, यार? इथे सगळे क्रिकेटवाले.”

तेवढ्यात जबल अली बंदरातल्या एका कंपनीतून अमेरिकन मॅनेजरचा फोन आला. त्याला जन्मदिनी मॅच ठेवायची होती. दोन तारखांतली खरी कुठली?

“माहीत नाही म्हणून सांग,” मी दटावलं.

देशपांडेने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “दोन्ही चुकल्या, सर. खरा जन्मदिवस येत्या शुक्रवारी. तुम्हाला आठवड्याची सुट्टीच असेल.”

मॅनेजर खूश. त्या जन्मदिवसाची बातमी करायला संपादकांनी माझी शुक्रवारची सुट्टी रद्द केली.